पिशवीचं काय करायचं

गायधनी डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर
उलटा पेरू काढला
आणि पेरूत तीन गोल.
हा मोठा, सहा पॉइंट दोन सेंटिमीटर. हा तीनचा.
आणि हा बारका, द्राक्षाएवढा.

मी विचारलं, कुठल्या द्राक्षाएवढा?
परदेशी जाणाऱ्या, की इथल्या गाडीवरच्या?
ते हसले. मी हसले नव्हते.
दोन मिलिमीटरनं माल परत येतो,
नाशकात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

एकोणीस वर्षं सातपूरला तपासणीवर आहे मी.
हातात व्हर्नियर, पुढ्यात ट्रे, ट्रेमध्ये बुश.
माप हुकलं तर शिक्के तीनच:
पुन्हा घासा,
भंगारात टाका,
नाहीतर साहेबांच्या सहीनं आहे तसं चालवून घ्या.
डॉक्टरांकडे जास्त निघाले.

गाठी तेवढ्या काढू, पिशवी राहू दे.
पण पुन्हा होऊ शकतात, हे त्यांनी डोळ्याला डोळा देऊन सांगितलं.
मनगटातून बारीक नळी घालून
गाठींचं रक्तच तोडता येतं,
पाणी तोडलेल्या वेलीसारख्या त्या आकसत जातात.
ते इथे होत नाही, मुंबई नाक्याला चौकशी करा.
इंजेक्शन घेतलं तर काही महिने पाळी बंद,
आणि चैत्र अंगातच.
कॉइल बसवली असती,
पण मोठीनं आतली जागा वाकवून ठेवलीय.
नाहीतर थांबू. पाळी गेली की बहुतेक गाठी आपोआप लहान होतात.
पाळी कधी जाईल?
तुमच्या आईची कधी गेली?

ते माहीत नाही.
आई कधी गेली, तेवढं माहीत आहे.

हिमोग्लोबिन सात पॉइंट नऊ.
पाथर्डी फाट्यावर आमचं घर तिसऱ्या मजल्यावर,
दुसऱ्यावर मी उभी राहते,
कुणी आलं तर किल्ली शोधते पर्समध्ये.
कंपनीच्या बसमध्ये काळी ओढणी दुमडून तिच्यावर बसते.
पांढरं काही शिवलंच नाही किती वर्षांत.

नणंद फोनवर म्हणाली, काढून टाक गं,
केतकीही नोकरीला लागली,
आता काय करायचंय पिशवीचं?
खालच्या मेहेरबाई बिटाचा रस देऊन गेल्या.
नवऱ्यानं सोनोग्राफी उजेडाला धरली, उलटी,
आणि म्हणाला, तू म्हणशील तसं.
भाजी कुठली करू याचंही त्याच्याकडे हेच उत्तर असतं.

काय करायचंय पिशवीचं?
आमच्या दाराच्या मागे एक पिशवी आहे,
तिच्यात बाकीच्या सगळ्या.
लग्नातली, सराफ बाजारातली मखमली,
एक जिच्यावरचं दुकानच बंद पडलं.
फेकवत नाहीत. लागतील कधी.
रिपोर्ट त्यातल्याच एकीत भरलेत.

रात्री तपासणीच्या कोऱ्या फॉर्मवर तक्ता आखला.
उपाय, खर्च, रजा, पुन्हा होण्याची शक्यता.
केतकीनं पुण्याहून विचारलं,
आई, पण तुला काय हवंय?
तो रकाना आखलाच नव्हता.

मला पांडवलेणीच्या पायऱ्या
एकदाही न थांबता चढायच्यात.
एवढंच सुचलं. तेवढंच लिहिलं, समासात.

गुरुवारी डॉक्टरांना म्हटलं,
आधी लोहाची इंजेक्शनं देऊन रक्त वाढवा.
मग पिशवी काढा. अंडाशय ठेवा.
नणंद म्हणते म्हणून नाही.
पुन्हा पुन्हा तपासत बसायचा कंटाळा आलाय,
तेच तर करते दिवसभर.
ते लिहू लागले.

एक अट आहे, मी म्हटलं.
काढल्यावर मला ती बघायचीय.
तुम्ही भुलीत असाल.
मग फोटो काढा,
आणि शेजारी पट्टी ठेवा,
मिलिमीटरची.